मामंजींच्या चौकीवरची बनात

माझे सासरे पोकर खेळायचे, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. काशीत ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात ते धर्मशास्त्र शिकवीत. लांबलांबून लोक त्यांच्याकडे निर्णय विचारायला येत, आणि दुपारची जेवणं आटोपली की हेच मामंजी खालच्या खोलीत पत्ते घेऊन बसत. आधी बेझिक नावाचा, हातात पुष्कळ पानं धरायचा खेळ चाले. पुढे संधिवाताने त्यांच्या दोन्ही हातांची बोटं आखडली, मुठीत एवढी पानं मावेनात, तेव्हा भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, हा नवा खेळ घरात आणला. ते मोगलसराईला रेल्वेत होते आणि तिथल्या गोऱ्या गार्डांबरोबर बसून पोकर शिकले होते. पोकरला हातात पाचच पानं लागतात, एवढ्या एका गुणावर त्या खेळाला आमच्या घरात प्रवेश मिळाला. पैसे लावायचे नाहीत, कवड्या लावायच्या, ही सासूबाईंची अट.

पाच पानं मामंजींना कशीबशी धरता येत, पण चौकीवरून उचलता येत नसत. लाकडावर पालथं पडलेलं पान चिकटून बसे. मग मामंजी ते पान कडेपर्यंत ओढत नेत, आणि तिथून ते खाली पडून सगळ्यांसमोर सुलटं होई. एक दिवस शेजारचे शास्त्रीबुवा, मामंजींचे लहानपणापासूनचे मित्र, यांनी सहज हात पुढे करून त्यांची पानं उचलून दिली.

"उद्या घासही भरवा," मामंजी म्हणाले आणि उठून गेले.

त्यानंतर ते खेळायला बसलेच नाहीत. बोलणंही आटलं. निर्णय विचारायला आलेल्यांना "मग या" म्हणून वाटेला लावू लागले. शास्त्रीबुवा रोज दुपारी दारापर्यंत येत, सासूबाईंकडे प्रकृती विचारून परत जात. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या विद्वान माणसाकडे बघून वाईट वाटे.

पण खरं सांगते, वाईट वाटण्याच्याही आधी मला कुतूहल वाटलं होतं. तेच पान अंथरुणावर पडलं तर पटकन उचलता येतं आणि लाकडावरून का येत नाही? माझा स्वभावच तसा. माहेरी वाईला आई म्हणायची, ही पोरगी दुधालासुद्धा विचारील, बाबा, तू उतू का जातोस? मी भाऊजींना गाठलं. साहेबांच्या क्लबात टेबलावर मऊ बैठक असते आणि वर हिरवं कापड ताणलेलं असतं, एवढं त्यांनी सांगितलं.

"बैठक कशाची?"

"ते कोण बघतं, वहिनी!"

मी असते तर बघितलं असतं.

तसंच काही घरी करायचं म्हणून भाऊजींनी एका जुन्या बुटक्या चौकीला चारी बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या मारल्या आणि पुढचं माझ्यावर सोडलं. मी उजव्या हाताची चारही बोटं चिंधीने एकत्र बांधली, म्हणजे ती मामंजींच्या बोटांसारखी वळेनाशी झाली, आणि तशा हाताने पानं उचलून बघू लागले. पहिल्यांदा जुन्या रजईतला कापूस पसरला. पान उचललं गेलं, पण हात टेकला तिथे खड्डा पडला आणि कवड्या घरंगळून त्यात जमा झाल्या. वरच्या कापडाबद्दल सासूबाईंनी आधीच हुकूम काढला होता.

"ह्यांचा हात लागणार, तर सुती नको. रेशीम घाल, विटाळाची झंझटच नको."

काशीत रेशमाला काय तोटा! मामंजींचा फाटका पीतांबर होता, तो ताणून बसवला. दिसायला चौकी देवघरात ठेवण्याजोगी झाली. भाऊजींनी वाटलेलं पहिलंच पान मात्र पीतांबरावरून सरकत गेलं, पट्टी ओलांडून माझ्या मांडीवर आलं. सासूबाईंनाही हसू फुटलं, पण त्यांनी ते पदराआड केलं. मग मी उलट्या टोकाला गेले आणि धाबळी घातली. तिच्यावर पान जिथे पडे तिथेच रुतून बसे, ढकललं तरी हलेना. पण एवढं कळलं की वर लोकरच हवी, जरा गुळगुळीत. आतला कापूस मात्र साफ बाद, त्याच्या जागी दुसरं काही हवं होतं.

"घोड्याच्या खोगिराखाली नमदा घालतात, तो बघू या का?" भाऊजी म्हणाले. नमदा मी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्याबरोबर मीही चौकातल्या बाजारात गेले. लोक वळून बघत होते. बघोत. खोगिरं विकणाऱ्याच्या दुकानात जाड, करड्या नमद्यांची थप्पी होती. मी एकेकावर अंगठा दाबून बघत सुटले. दाबलं की आत जायचा, सोडलं की परत वर यायचा. मला तर तो खेळच सापडला.

"घोड़े के लिए चाहिए कि खच्चर के लिए?" दुकानदाराने विचारलं.

"पिताजी के लिए," भाऊजी म्हणाले.

दुकानदार आमच्याकडे बघतच राहिला. दोन तुकडे घेऊन आम्ही हसत हसत घरी आलो.

घरात मात्र कोणी हसलं नाही. खोगिराखालची वस्तू, म्हणजे चामड्याची शेजारीण, ती ह्यांच्या हाताखाली कशी चालेल, हा सासूबाईंचा प्रश्न होता. शिवाय भाऊजी नमदा सरसाने चिकटवणार होते, आणि सरस कातड्याचा करतात हे त्यांना ठाऊक होतं. सरसावर मी हार मानली, पितळी डोक्याच्या खिळ्यांनी काम भागणार होतं. नमद्यावर मात्र मी अडून बसले. सासूबाई म्हणाल्या, "मग जा आणि त्यांनाच पूछ." त्यांना वाटलं मी घाबरेन. मी घाबरलेही होते, पण नमदा हातात घेऊन गेले.

मामंजी भिंतीकडेच तोंड करून होते. मी विचारलं, "नवा कोरा नमदा आहे, घोड्याच्या पाठीवर गेलेला नाही. लोकर शुद्धच मानतात. मग तुमच्या हाताखाली हा चालेल का?"

मग तोंड न वळवताच त्यांनी विचारलं, "विणतात कसा?"

"विणत नाहीत, मामंजी. ओली लोकर लाटून लाटून दाबतात म्हणे."

ते वळले. "विणलेला नाही? मग ते वस्त्र कसं?"

वस्त्र नसेल तर वस्त्राचे नियम त्याला लागू होतात का? नसतील होत, तर त्याला आसन म्हणायचं का? की नुसतीच लोकर? मामंजी उठून बसले आणि स्वतःशीच पूर्वपक्ष मांडून स्वतःच खोडू लागले. मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं, पण मी हो-नाही करत नवे प्रश्न टाकत राहिले. मलाही खरोखरच जाणून घ्यायचं होतं. दारात सासूबाई हातातलं काम विसरून उभ्या होत्या. किती दिवसांनी त्या घरात तो आवाज ऐकू येत होता! शेवटी मामंजींनी निर्णय दिला की लोकर कुठल्याही रूपात लोकरच, तेव्हा नमदा चालेल. आणि नमदा बघायला हात पुढे केला.

तो देताना माझा उजवा हात त्यांना दिसला. प्रयोग करता करता उठले होते, चिंधी सोडायची राहून गेली होती. मी हात मागे घेणार, तोच ते म्हणाले, "हे काय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुमच्यासारखा हात करून बघते आहे. पानं उचलता येतात का ते."

आता ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्या हाताकडे नीट पाहिलं. "अंगठा मोकळा ठेवलायस," ते म्हणाले. "तोही बांध. माझा तोही चालत नाही."

हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, सासूबाईंनाही नाही. मी त्यांच्यासमोरच दातांनी चिंधी ओढून अंगठा बांधला. मला रडू येत होतं, म्हणून मी भराभर बोलत होते. अंगठ्याशिवाय माझं आतापर्यंतचं सगळं गणित चुकलं होतं. पान चिमटीत धरायचा प्रश्नच मिटला. आता तळहाताच्या कडेने पानाची एक बाजू दाबायची आणि दुसरी बाजू वर उचलली गेली की दुसऱ्या हाताची ताठ बोटं तशीच खाली सरकवायची, एवढाच मार्ग उरला. एकेरी नमद्यावर ते जमेना. दोन्ही तुकडे एकावर एक घातले तेव्हा जमलं. मामंजी शेजारी बसून "जरा और दाब, कडेला, कडेला" म्हणून सांगत होते.

वरच्या कापडासाठी भाऊजी बनातीचे, म्हणजे गुळगुळीत लोकरी कापडाचे, नमुने घेऊन आले. बॅंडवाल्यांच्या कोटाची लाल होती, एक निळी होती आणि क्लबासारखी हिरवी होती. हिरवीच का असते, हे मी विचारलं आणि कोणालाच सांगता आलं नाही. मामंजींनी तिन्हींवरून हाताची पाठ फिरवली, बोटांपेक्षा तिथे जास्त कळतं म्हणाले, आणि निळी निवडली. पान तिच्यावरून बेताने सरकत होतं आणि जिथे थांबायचं तिथे थांबत होतं. भाऊजी हिरवीसाठी हळहळले. त्यांना कोणी विचारलं नाही.

मग एका दुपारी शास्त्रीबुवांना निरोप गेला. तिघे चौकीभोवती बसले आणि मी सुपारी कातरायच्या निमित्ताने खोलीतच राहिले. भाऊजींनी पानं वाटली. कोणीच मामंजींच्या हातांकडे बघत नव्हतं, आणि बघत नव्हतं हे अगदी ठळक दिसत होतं. मामंजींनी पान दाबलं. पान वर आलं. पाचही पानं त्यांनी सावकाश, आपली आपण उचलली, डोळ्यांपुढे धरली, आणि म्हणाले, "एकदम बेकार." शास्त्रीबुवा एवढ्या मोठ्याने हसले की सासूबाई धावत आल्या.

पुढचा डाव शास्त्रीबुवांनी वाटला. मग वाटायची पाळी मामंजींची आली.

हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उचलण्याचा एवढा घोर लावून घेतला होता आणि पिसण्या-वाटण्याचा विचारच केला नव्हता. पत्त्यांचा जोड त्यांच्यापुढे पडला होता. मामंजी त्याच्याकडे बघत होते, भाऊजी छताकडे, शास्त्रीबुवा आपल्या कवड्यांकडे. आता हे उठणार आणि सगळं पुन्हा मूळपदावर जाणार, या भीतीने माझा अडकित्ता हातातच थांबला.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "ये, बैस इथे. माझ्या पाळीची पानं तू वाटत जा. उचलायचं माझं मी बघतो. आणि नुसती वाटू नकोस, स्वतःलाही घे."

सासऱ्यांच्या पंगतीला पत्ते खेळायला सून! मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातला अडकित्ता काढून घेतला. मी पानं वाटली आणि आपली हातात धरली, पण मला ती धड दिसेनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मामंजी आपलं शेवटचं पान उचलत होते. ते नीट हातात आल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"रडायचं तर खुशाल रड," ते म्हणाले, "पण पानं मिटून धर. तुझा बदामचा राजा दिसतोय मला."