पौषातली भिंतीची सावली

लढाईचे दिवस होते, तेव्हा आम्ही राहात्याला राहायचो. वैशाखात माझ्या धाकट्या नणंदेच्या खुब्यात क्षय निघाला. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय हलवायचा नाही, दूध भरपूर द्यायचं, आणि हिवाळाभर दुपारचं ऊन थेट उघड्या पायावर घ्यायचं. नाहीतर पाय तर जाईलच, पोरही हाती लागणार नाही.

सासूबाई म्हणाल्या, "उन्हाला काय तोटा? आपल्या अंगणात पापड करपतात."

आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. असल्या बोलण्यावर त्यांचा विश्वास कसला बसतोय. अंगणात काठी रोवून भर दुपारी सावली मापत बसले. वैशाखात सूर्य डोक्यावर, काठीच्या बुडाशी सावली सापडेना. पण पौषात सूर्य दक्षिणेला कलला की आपल्याकडे दुपारीसुद्धा जवळजवळ काठीएवढी सावली पडते, असं त्यांनी हिशेब करून सांगितलं. दक्षिणेची भिंत पुरुषभर उंच आणि अंगण त्याहून अरुंद. म्हणजे आभाळ कितीही निरभ्र असलं तरी खाटेवर ऊन येणार नाही. भिंत निम्मी उतरवावी लागेल, म्हणाले.

भिंतीपलीकडे शेजारच्या चाचांचं परस होतं. सासूबाई उसळल्या. "तरणी पोर मांडीपर्यंत उघडी निजवू, शेजाऱ्यांनी बघावं म्हणून? उद्या तिला कोण करून घेईल?" माझा नुसता संताप झाला. जी जगते की नाही याचा भरवसा नाही, तिच्या लग्नाची काळजी. पण सुनेनं तोंड उघडायचे ते दिवस नव्हते. मी भांडी आपटली.

दिवाळीनंतर खाट अंगणात आली. सावली रोज थोडी पुढं सरकायची आणि आम्ही खाट मागं घ्यायचो. मार्गशीर्षात खाट ओट्याला टेकली. मग सावली खुब्यावर चढली. नणंद कुडकुडत म्हणाली, "आई, माझ्या वाटचं ऊन संपलं गं."

सासूबाई आत गेल्या, पहार घेऊन आल्या आणि स्वतःच भिंतीचा माथा फोडायला लागल्या. ढेकळं पलीकडे पडली तसे चाचा बाहेर आले. पोरीचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. "सरका ताई, तुमचं काम न्हाई ते," म्हणाले, आणि पहार घेऊन त्यांनी भिंत कमरेइतकी खाली आणली. मग घरात जाऊन परसदाराला आतून कडी लावली. त्यानंतर त्यांच्याकडचं कुणी दुपारचं मागं फिरकलं नाही. शेळ्यासुद्धा पुढच्या दारानं न्यायचे. सासूबाई ते बघायच्या आणि खाली मान घालून तांदूळ निवडत बसायच्या.

असे दोन हिवाळे गेले. ठणका थांबला, पाय मात्र आखूड राहिला. होळीच्या सुमाराला एका दुपारी नणंद कुबडी घेऊन उठली आणि कुणाला न विचारता बाहेर पडली. मी घाबरून मागं धावले. ती वळसा घालून चाचांच्या परसात गेली होती आणि बंद दार ठोठावत होती.

"चाचा, आता दार उघडा," ती म्हणाली. "मी उठले."