फोटोत माणसं किती

इन्शुरन्स कंपनीतली नोकरी गेली तेव्हा मला बावन्नावं लागलं होतं. या वयात कॅनडातल्या आमच्या हॅमिल्टनमधल्या ओळखीच्या बायका दोन गोष्टी करतात. रिअल इस्टेटचं लायसन्स काढतात, नाहीतर योग शिकवायला लागतात. मला दोन्हींचा कंटाळा. म्हणून अर्ध्या तासावरच्या एका गावातल्या लहानशा म्युझियममध्ये आठवड्याचे तीन दिवस जुने फोटो स्कॅन करून त्यांच्या नोंदी करायचं काम धरलं. मंडळातल्या बायका म्हणाल्या, "छान हं, मनाला विरंगुळा." म्हणजे पगार किती ते विचारायची त्यांना गरज उरली नाही.

म्युझियम म्हणजे बंद पडलेल्या शाळेच्या तीन खोल्या. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला ते, ही जमीन मुळात कुठल्या आदिवासींची होती याचं निवेदन फोनवर बघून वाचत. बघूनच, कारण आठ वर्षं वाचूनही ती नावं त्यांना पाठ झाली नव्हती. निवेदन संपलं की जमिनीचा विषय संपला आणि पार्किंगचा सुरू झाला. 'तुम्ही इंडियन आणि फोटोतलेही इंडियन' हा विनोद पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी केला. तो आपल्यालाच सुचला असं तिघांनाही वाटलं.

त्या हिवाळ्याच्या शेवटी एक अल्बम देणगी म्हणून आला. गावातला एक जुना कारखानदार बायकोच्या छातीच्या दुखण्यासाठी हवापालटाला ॲरिझोनाकडे गेला होता, तिथून त्यानं हा अल्बम आणला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो, त्यातल्या चौदांवर पेन्सिलीनं 'अपाची' लिहिलेलं. आमच्या गावाचा आणि अपाची लोकांचा संबंध म्हणाल तर एवढाच. पण अध्यक्षांनी उन्हाळ्याचं प्रदर्शन तिथल्या तिथे ठरवून टाकलं, कारण एका फोटोवर नुसतं 'अपाची' नव्हतं. एका सुप्रसिद्ध म्होरक्याचं नाव होतं.

त्या फोटोत खुर्चीवर बसलेला एक तरुण, मांडीवर बंदूक. शेजारी उभी तरुण बाई, तिच्या पुढ्यात दोनेक वर्षांचं पोर.

"हा तो नाही," मी पहिल्याच दिवशी म्हणाले. "तो तेव्हा म्हातारा होता."

"तरुणपणचा असेल," अध्यक्ष म्हणाले.

"तरुणपणी हा कागदच निघाला नव्हता."

"पण बंदूक आहे ना!"

बंदुकीचं मला हसू आलं. माझे वडील कऱ्हाडला फोटो स्टुडिओ चालवायचे. त्यांच्याकडे गिऱ्हाइकांसाठी एकच काळा कोट होता, पाठीमागून उभा उसवलेला. बारीक माणूस आला की मागून पिना, जाडा आला की मागचं उघडंच. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांनी तो कोट घातलाय, आणि त्यांची नातवंडं आज तो 'आजोबांचा कोट' म्हणून दाखवतात. ही बंदूक तसलीच. अल्बममधल्या चार फोटोंत चार वेगळ्या माणसांच्या मांडीवर तीच, तोच तुटून गाठ मारलेला पट्टा. मी चारही फोटो शेजारी शेजारी मांडून दाखवले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, "म्हणजे ही बंदूक फार महत्त्वाची असणार."

फोटोंच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, अशी माझी लहानपणापासूनच खात्री होती. त्या खात्रीतच मी नोंद टाइप केली: 'बसलेला पुरुष, उभी तरुण स्त्री, लहान मूल. डावीकडे घोंगडीनं झाकलेलं सामान.' आमच्या स्टुडिओतही डाव्या कोपऱ्यात जास्तीची स्टुलं रचून चादरीनं झाकलेली असत. चार सेकंदांत नोंद केली आणि पुढच्या फोटोकडे वळले.

वेबसाइटवर फोटो चढला त्याला तीन आठवडे झाले असतील. ॲरिझोनाहून एका बाईंची ई-मेल आली. त्या स्वतः अपाची, निवृत्त नर्स. ई-मेल नर्सनं लिहावी तशीच होती, एक शब्द जास्त नाही. पूर्वी त्यांच्या लोकांना राखीव प्रदेशात डांबलं तेव्हा सरकारी एजंटाला त्यांची नावं उच्चारता येईनात. म्हणून त्यानं पुरुषांच्या गळ्यात पत्र्याचे बिल्ले अडकवले. टोळीला एक अक्षर, माणसाला एक आकडा. बिल्ला नाही तर रेशन नाही. सरकारी वहीत माणूस म्हणजे तो आकडा, आणि त्याच्याखाली घरचे: बायको, मुलगा, असेल ती दुसरी कोणी. बाईंच्या आईच्या आजोबांचा आकडा होता तेरा.

'तुमच्या फोटोतल्या माणसाच्या गळ्यात बिल्ला दिसतो,' त्यांनी लिहिलं होतं. 'आकडा वाचता येईल का? आई अठ्ठ्याऐंशीची आहे. तिनं आजोबांचा चेहरा कधी पाहिलेला नाही, आणि तिचा एकच डोळा चालतो. तेच असतील तर भिंतीवर लावू. नसतील तर नको. आमच्या एका चुलत भावानं दुकानातून विकत आणलेले आजोबा लावलेत. ते कोण आहेत देव जाणे.'

मला बाई आवडल्या.

"बिल्ला?" अध्यक्ष म्हणाले. "मेडल असेल. चीफला मेडल असणारच. आणि पुस्तिका शुक्रवारी प्रिंटरकडे जातेय, एवढं लक्षात असू दे."

त्या दिवशी सोमवार होता. मी फोटो पुन्हा मोठ्यात मोठ्या रेझोल्यूशनवर स्कॅन केला. अक्षर स्वच्छ वाचता आलं. पहिला आकडा एक. दुसऱ्यावर उजेड पडून चकाकी आलेली. तीन, नाहीतर आठ. मी तो उलटा करून पाहिला, काळ्याचं पांढरं करून पाहिलं. तीन, नाहीतर आठ.

बाईंना तसं कळवलं. तासाभरात त्यांनी सरकारी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. तेरा नंबर: पुरुष, बायको, मुलगा, सासू. अठरा नंबर: पुरुष, बायको, मुलगा.

मी फोटोत माणसं मोजली. तीन. माझी नोंद वाचली. तीन. मग मी लिहिलं, 'कळवण्यास दिलगीर आहोत, उपलब्ध पुराव्यावरून सदर व्यक्ती अठरा क्रमांकाची असण्याची शक्यता अधिक वाटते.' वीस वर्षं लोकांचे क्लेम नामंजूर करण्यात गेली माझी. असली वाक्यं बोटांतूनच येतात. पाठवून दिलं आणि डबा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आईला सांगितलं. ती म्हणाली, सासूला फोटोत शोधता कशाला? जावयासमोर ती येईलच कशी? तुमचे आभार.'

आता 'येईलच कशी' म्हणजे काय? हे मला सोडवेना. ई-मेलखाली नंबर होता. मी फोन लावला.

"जुनी रीत आहे आमची," बाई म्हणाल्या. "सासू आणि जावई एकमेकांच्या नजरेला पडायचे नाहीत. कधीच नाही."

"भांडण म्हणून?"

"मान म्हणून. जावई राहतो सासूच्याच वस्तीत, तिच्यासाठी शिकार करून आणतो. पण तो आला की ती बाजूला. वाटेत समोरासमोर आलेच तर एकानं वळायचं."

"आणि वळायला जागाच नसली तर?"

"मग घोंगडी. डोक्यावरून घ्यायची आणि बसून राहायचं."

माझ्यासमोर स्क्रीनवर तो फोटो उघडाच होता. डाव्या कोपऱ्यातलं माझं सामान मोठं करत गेले. घोंगडीच्या वळ्या, खाली घड्या, घड्यांखाली जमीन. आणि घडी जमिनीला टेकते तिथे एक टोक.

"आहात ना फोनवर?" बाईंनी विचारलं.

"आहे. मी एक मूर्खपणा केलाय. फोटोत डावीकडे जे सामान म्हणून मी लिहिलंय, त्याला बूट आहे."

पलीकडून नर्सच्या आवाजात प्रश्न आला. "बुटाचं टोक कसं आहे?"

"पुढून वर वळलेलं. गोल, नाण्याएवढं."

"अगं, मग ते आमच्या बाईचं पाऊल आहे!" इंग्रजीत 'अगं' नसतं, पण तिच्या सुरात होतं. तिनं फोन बाजूला धरला आणि आपल्या भाषेत ओरडून आईला काहीतरी सांगितलं. आतून म्हातारीचा आवाज आला, बराच वेळ.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, फोटोवाला मूर्खच असणार. दोघांना एका पडद्यासमोर बसवलं. आणि म्हणते, सव्वाशे वर्षांत तिला सामान म्हणणारी तूच पहिली."

संध्याकाळी नवरा जवळच्या केंब्रिज गावाहून आला. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात तो इंजिनियर आहे. जेवताना मी त्याला सगळं सांगितलं. माझी आई आमच्याकडे एकदा सहा महिने राहून गेली होती. ते सहा महिने ती आणि तिचे जावई एकाच सोफ्यावर बसून एकाच मालिकेवर भांडत होते, आणि घरातलं तापमान दिवसातून अकरा वेळा बदलत होतं.

"बघ," मी म्हणाले, "किती शहाणे लोक. नुसती घोंगडी."

"पण घोंगडी कोणी घ्यायची? तुझ्या आईनं की मी?"

"ज्याचा हात थर्मोस्टॅटकडे जाईल त्यानं."

"मग सहा महिने तुझा बाप कुठला फोटो काढणार होता? दोन गाठोडी आणि मधे तू!"

गुरुवारी मी अध्यक्षांपुढे सगळं मांडलं. बिल्ला, वहीची पानं, बुटाचं टोक, सासू. माणसं तीन नाहीत, चार आहेत, तेव्हा हा तेरा नंबर. पुरावा कोर्टात टिकला असता की नाही माहीत नाही. इन्शुरन्समध्ये मी याहून कमीवर क्लेम मंजूर केलेत, आणि याहून जास्त असून नामंजूरही केलेत.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"म्हणजे हा चीफ नाही."

"नाही. जावई आहे."

"पोस्टरवर जावई कसा लावायचा?"

"नाव आहे त्यांच्याकडे. त्यांना विचारून नाव लावू. घरातल्या चौघांचं लिहू."

"पण लोक चीफ बघायला येतात." त्यांनी पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. "आणि इथे लिहिलेलंच आहे की. पुरावा म्हणजे लिहिलेलं."

"पेन्सिल आपल्याकडेही आहे," मी म्हणाले. "हवं तर मी अजून एखादं नाव लिहिते. राणीचं लिहू?"

अखेर हेडमास्तरी निकाल लागला. खोटं छापायचं नाही, हे त्यांना पटलं. पण मग खरं छापण्यात काही अर्थ नाही, हेही त्यांना तितकंच पटलं. शुक्रवारी पुस्तिका गेली ती त्या फोटोशिवाय. पोस्टरवर कारखानदाराची बायको आली, रेल्वेच्या डब्यासमोर छत्री घेऊन उभी. तिची ओळख पक्की होती. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे जमिनीचं निवेदन वाचलं. ज्या लोकांकडे बोट दाखवून त्यांचं नाव सांगता आलं असतं, ते आतल्या खोलीत ड्रॉवरमध्ये होते.

नोंद मात्र माझ्या हातात होती. ती मी बदलली. चार माणसं, त्यांची नाती, बिल्ल्याचा आकडा, ओळख कोणी पटवली ते, कुटुंबानं लिहून दिलेली नावं. खाली लिहिलं, 'आधीची नोंद चुकीची होती, ती मीच केली होती.' असं कोणी लिहीत नाही असं मला सांगण्यात आलं. मी लिहिलं.

मग चांगल्या कागदावर फोटोचा मोठा प्रिंट काढून कुरिअरनं ॲरिझोनाला पाठवला. दहा दिवसांनी तिचा फोन आला.

"पाहिला का आईनं?"

"पाहिला. डोळ्याजवळ धरून पाहिला, मग खिडकीशी नेऊन. म्हणाली, कान माझ्या बापाचेच आहेत. बाप म्हणजे ते पुढ्यातलं पोर."

"मग लावला भिंतीवर?"

"नाही ना. तेच बोलायचंय." ती जरा अवघडली. "आई म्हणते, या दोघांना एका चौकटीत इतकी वर्षं बसवून ठेवलंय ते पुरे झालं. आता आपणही तेच करायचं का? दोन वेगळे करून देता येतील का? एकात ते, एकात त्या. दोन भिंतींवर लावू."

"थट्टा करतात की खरंच?"

"मला पासष्ट वर्षांत कळलेलं नाही."

मी मूळ स्कॅनला हात न लावता दोन प्रती केल्या आणि कापायला बसले. बायको अडचणीची नव्हती. ती एकाची बायको आणि दुसरीची मुलगी, ती दोन्हीकडे राहिली. गोची पोराची होती. ते बापाच्या गुडघ्याला टेकून उभं, पण त्याच्या एका मुठीत आजीच्या घोंगडीचं टोक गच्च धरलेलं. बापाच्या फोटोत पोर ठेवायचं तर आजीचं तेवढं टोक येणारच. ते कापायचं तर पोराची मूठ जाते.

मी फोन करून विचारलं. तिनं आईला विचारलं. या वेळी उत्तर लगेच आलं, दोनच शब्दांचं.

"टोक चालेल."