बाक आणि बँक

सदू सुतार गेल्याचा फोन दासगावहून आला, तेव्हा मी दहावीच्या वर्गावर होतो. रंधा मारता मारता छातीत कळ आली म्हणे. दीड महिना झाला. रडू आलंच, पण त्याआधी क्षणभर हलकं वाटलं... आयुष्यभर मी त्याचा मत्सर केला.

आम्ही एका वर्गातले. मराठीत पहिला कायम तोच. वडील वारले, आठवीतून त्याची शाळा सुटली. मी एम. ए. होऊन महाडला मास्तर झालो. वाटलं, आता तरी आपण पुढे. पण सदू बाजाराला आला की वाचनालयात कोश उघडून बसायचा, आणि शब्द अडला की गाव त्यालाच विचारायचं.

गेल्या गौरीत दुपारी त्याच्या ओटीवर पत्ते रंगले होते. "बँक कोणाची?" कुणीतरी ओरडलं. त्याच्या मुलीने मला विचारलं, "काका, जुगारात बँक कुठून आली?" मला ठाऊक नव्हतं. मी पत्ते पिसत राहिलो.

सदू सहज म्हणाला, "इटलीत सराफ बाजारात बाक मांडून बसायचे. बाकाला तिथं बांको म्हनतात, त्यावरनं पेढी झाली बँक. डावातपन ज्याच्याम्होरं सगळ्यांचे पैसे, ती बँक. नि आपला बाकपन तोच, पोर्तुगिजांसंगती आलेला. दोगं येकाच आईची लेकरं हायत."

माझी बायको "वा!" म्हणाली. ते 'वा' मला कधी मिळालं नव्हतं.

"ऐकीव काहीतरी सांगू नकोस रे," मी म्हणालो. "पाठीला बाक येतो ना, त्यातलाच हा. आपला शब्द. तीस वर्षं शिकवतोय मी."

सदू माझ्याकडे बघत राहिला. "असंल. तू शिकलेला हायस."

दुसऱ्या दिवशी कोश काढला. सदूचं बरोबर होतं. दासगाव काही लांब नाही... पण चूक कबूल करायला मी गेलो नाही.

बाराव्याला त्याच्या मुलीने एक वही हातात ठेवली. "बाबांची शब्दांची. तुमचं नाव आहे यात." बाक आणि बँकेची हकिगत त्याने शाईने, माझ्याहून सुरेख अक्षरात लिहिली होती. तिच्यावर सुतारी पेन्सिलीची आडवी रेघ, आणि खाली शाईने: 'चूक. दिनू मास्तर म्हणतो, बाक आपलाच.'

घरी येऊन मी ती रेघ खोडरबराने पुसली. खालची ओळ तशीच ठेवली, माझ्या नावासकट.