खरवस नको म्हणाले तेव्हा

गुळात मुरलेल्या वेलदोड्याचा वास आला की पेडगावच्या शाळेतली एक मधली सुट्टी आठवते. मला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी कच्चं दूध वर्ज्य केलं होतं. बौद्ध वस्तीतून येणाऱ्या आमच्या सहशिक्षिकेने खरवसाचा डबा पुढे केला, "खा की मॅडम, बाळाचे डोहाळे पुरवायलेय मी!" "दुधाचं चालत नाही मला," म्हणत मी डबा सरकवला. खरवस वाफवलेला असतो, हे माहीत असूनही. ती हसली. थोड्या वेळाने माझ्याच जातीतल्या बाईंनी दिलेलं ताक मी घटाघटा प्यायले. डब्याला झाकण लावत ती हळूच म्हणाली, "आमचंच दूध चालत नाही म्हणा की." मी भ्याले ते बाळासाठीच, असं आजही स्वतःला सांगते, पण मग त्या ताकाला का भ्याले नाही?