दोन टाळ्यांचं गाव

नव्वदीच्या दशकात मी नगर-शेवगाव एसटीने नोकरीला जायचो. एकदा शेजारी झुपकेदार मिशांचा, पैलवानासारखा माणूस चार वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसला. तो शब्द सांगायचा, ती त्याचे तुकडे पाडून तेवढ्या टाळ्या वाजवायची. ब, टा, टा! तीन टाळ्या. बरोबर आलं की बापाच्या मिशा हलायच्या.

"पुढल्या साली शाळंत घालायचीय," तो मला म्हणाला. "अक्षरं गुरुजी दावतील. कान मातर आपुन तयार करायचा."

हळूहळू अख्खी गाडी टाळ्या वाजवू लागली. कंडक्टरही तिकिटाच्या चिमट्याने टकटक करत होता. मिरी आलं. पिशव्या ठेवायला बाप आधी खाली उतरला. कंडक्टरने पोरीला विचारलं, "तुझं गाव कोणतं गं?"

"मिरी!"

रंगात येऊन त्यानं घंटीची दोरी दोनदा ओढली. डबल बेल ऐकताच ड्रायव्हरने गाडी सोडली. मागून पैलवान बोंबलत धावला, तेव्हा कुठे ती थांबली.

लेकीला उतरवून घेत तो धापा टाकत म्हणाला, "कंडक्टर, तुमी पास! पर दोरी सोडा आता."

मग रस्त्यावरूनच त्यानं लेकीला विचारलं, "गाडी?"

तिनं दोन खणखणीत टाळ्या वाजवल्या. कंडक्टर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता. तरी गाडी सुटली.