हातभर खाली

आमच्या घरासमोरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला यंदा सरकारी योजनेतून रंग मिळाला. पेंटरने व्हरांड्याच्या भिंतीवर ठसठशीत बाराखडी काढली, पण ती पार खिडक्यांच्या वर. फोटोत छान येते म्हणे! पहिलीची पोरं मान मागे टाकून बघायची आणि कंटाळून पळायची.

काल पाहिलं, तर पहिलीच्या बाई फरशीवर मांडी घालून उरलेल्या रंगाने भिंतीच्या खालच्या भागात अक्षरं काढत होत्या. मी म्हटलं, "बाई, इथे पोरांचे हात लागून चार दिवसांत सगळं खराब होईल."

"होऊ दे की," बाई मान वर न करता म्हणाल्या. "हात लागावेत म्हणूनच काढतेय."

शाळा सुधारावी असं सरकारला मनापासून वाटत असेलही. पण ते वाटणं मुंबईहून निघून पोराच्या बोटापर्यंत पोहोचताना शेवटचं हातभर अंतर उरतंच, आणि ते कुणीतरी फरशीवर बसूनच पार करायचं असतं.

तेवढ्यात एका मुलीने ओल्या 'क'वरून बोट फिरवलं. बोट निळं झालं, अक्षर फिसकटलं. बाईंनी ब्रश रंगात बुडवला आणि तोच 'क' पुन्हा गिरवला.