नारपोलीच्या घराची सफाई

आईच्या खालच्या मजल्यावरच्या, तिला अम्मी म्हणणाऱ्या भाभींचा फोन आला तेव्हा मी नाशिकला ऑफिसात होतो. "अम्मी का नल फिर खुला रह गया. हमारी छत टपक रही है," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच मला खटकलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "एक बार आके घर देख जाओ, भैया. अंदर जाके."

आई कल्याणजवळ नारपोलीत एकटी राहते. वडील गेल्यावरही तिनं दोन खोल्यांचं ते घर सोडलं नाही. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, शेजारच्या कापडाच्या लूमची खडखड ऐकत वह्या तपासल्या. अलीकडे मात्र मी येतो म्हटलं की ती खाली रस्त्यावर येऊन थांबायची. "जिने कशाला चढतोस, बाहेरच काहीतरी खाऊ," म्हणायची आणि माझा दंड धरून धामणकर नाक्यापर्यंत चालायची. मला ते आवडायचं. बायको सोडून गेल्यापासून माझा दंड धरणारं दुसरं कुणी नव्हतं.

या वेळी मी न कळवता गेलो. आईनं दार अर्धंच उघडलं.

"कोण?"

"मी आहे, आई."

ती जराशी मागे सरली. आत गेलो आणि पहिल्यांदा वासानं थबकलो. शेगडीवर उतू गेलेल्या दुधाचे काळे थर. डब्यातल्या तांदळात जाळी. लूमवरून उडत येणारी कापसाची धूळ तर सगळीकडे होती, पंख्यावर, गाद्यांवर, देवांवरही. जिच्या ओट्यावर पाण्याचा थेंब राहत नसे, त्या बाईचं हे घर. तीच म्हणाली, "एकटीच्या घराला किती आवरायचं?"

मला वाटलं, तिचा जीव रमेनासा झालाय. सगळ्यातून मन उडालंय. कल्याणला घरं साफ करून देणारी मंडळी आहेत असं एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं. त्यांना बोलावलं. आईनं फार विरोध केला नाही. "माझं लोखंडी कपाट उघडू नका," एवढंच म्हणाली. सकाळी मी तिला खाली भाभींकडे नेऊन बसवलं.

निळे टी-शर्ट घातलेली तिघं आली, दोन पुरुष आणि एक बाई. मोठं व्हॅक्यूम मशीन, ब्रश, ॲसिडचे कॅन. त्यांनी तोंडाला रुमाल बांधले. कुणी नाक मुरडलं नाही, पण एकमेकांकडे बघितलं, ते मला दिसलं. पोती भरभरून सामान खाली जाऊ लागलं. खाट भिंतीपासून ओढली, टेबल खिडकीपाशी सरकवलं, खुर्च्या एकावर एक रचल्या. मधल्या खोलीत खाटेच्या पायापासून मोरीच्या कडीपर्यंत एक दोरी बांधलेली होती, कमरेएवढ्या उंचीवर. जुन्या साड्यांचे काठ फाडून, गाठी मारून केलेली. हाताळून हाताळून काळी पडली होती.

"साब, ये भी निकाल दें?"

कपडे वाळत घालायची असेल असं मला वाटलं. "निकाल दो," मी म्हणालो.

संध्याकाळी ती मंडळी गेली. लाद्यांवर मूळचा लाल रंग दिसायला लागला होता. कधी एकदा आईला दाखवतो असं मला झालं. तिला वर आणलं, दिवे लावले, म्हटलं, "बघ!"

ती उंबऱ्याशी उभी राहिली. "छान वास येतोय," म्हणाली. मग आत निघाली, नेहमीच्या चालीनं, आणि टेबलावर आदळली. वळली तर खुर्ची पायात आली. तिनं कमरेजवळ हात पुढे केला, हवेतच चाचपडलं, पुन्हा केला. काही सापडेना. खोलीच्या मधोमध ती तशीच उभी राहिली. लहान मूल गर्दीत हरवल्यावर उभं राहतं तशी.

"माझी दोरी कुठंय रे?"

मी तिच्या अगदी समोर, हातभर अंतरावर होतो, आणि ती माझ्या खांद्याच्या बाजूला बघत होती.

तिला धरून खाटेवर बसवलं. कधीपासून दिसत नाही, विचारलं. "दिसतं की," म्हणाली, "उजेड कळतो. माणूस हलला की कळतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला घेऊन गेला असतास. इथं मला सगळं हाताला सापडतं. तिकडे काय सापडणार होतं?" थोडं थांबून म्हणाली, "घाण झालं होतं का रे फार?"

"नाही," मी म्हणालो. "थोडी धूळ होती."

टाकलेल्या पोत्यांची गाडी केव्हाच गेली होती. तिनं स्वतःच कपाट उघडून चाचपून एक साडी काढली. दोघांनी मिळून काठ फाडले. गाठी तिनं मारल्या, माझ्या गाठी तिला सैल वाटत होत्या. मग टेबल, खुर्च्या, खाट, सगळं तिच्या सांगण्यावरून पुन्हा जागच्या जागी लावलं.

पुढे कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढला. दुसऱ्याला काचबिंदू, त्याचं आता काही होण्यासारखं नव्हतं. पट्टी निघाल्यावर घरी आली तेव्हा तिनं सगळ्या भिंती हळूहळू निरखल्या. शेवटी माझ्याकडे बघितलं.

"खराब झालायस. जेवतोस कुठे?"

"डबा लावलाय."

मी म्हटलं, "आता चल नाशिकला." तिनं मान हलवली. "तू दिवसभर ऑफिसात. मी तिथं कुणाचा आवाज ऐकत बसू?" त्या घरात मीही कुणाचा आवाज ऐकत नाही.

झाडलोटीला आणि स्वयंपाकाला एक मावशी ठरवून मी रविवारी निघालो. कल्याण स्टेशनच्या वाटेवर कोन गावात रिक्षा ट्रकांच्या रांगेत अडकली. तेवढ्यात तिचा फोन आला.

"पोचलास का स्टेशनला?"

"अजून कोनलाच आहे."

"बरं," ती म्हणाली. पण बराच वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही. तिच्याकडून लूमचा आवाज येत होता, माझ्याकडून तिला हॉर्न ऐकू जात असणार.